स्नायपर मालिका (१९९३ ते २०२५) : बेकेटचं बोट आणि शेजारचा माणूस

आडरान

गेल्या तीन आठवड्यांत 'स्नायपर' मालिकेचे अकराही चित्रपट क्रमानं पाहून काढले. पहिला कॉलेजात असताना पाहिला होता, सांगलीत, भाड्यानं आणलेल्या व्हीसीडीवर. दोन चकत्या असायच्या. पहिली संपली तेव्हा दुसरी घालायला कोण उठणार यावरून एरवी वाद व्हायचा. त्या रात्री झाला नाही. जो जवळ होता तो मुकाट्यानं उठला, चकती बदलली आणि परत येऊन बसला. तेव्हापासून या चित्रपटाबद्दल कुणाशी तरी सविस्तर बोलायचं होतं, म्हणून हा धागा. (पुढे कथानक उघड केलं आहे. ज्यांना कोरं राहून पाहायचंय त्यांनी इथेच थांबावं.)

पहिला चित्रपट १९९३चा. दिग्दर्शक लुईस योसा, मूळचा पेरूचा. टॉम बेरेंजर हा मास्टर गनरी सार्जंट थॉमस बेकेट, तर बिली झेन हा रिचर्ड मिलर. कथा पनामाच्या जंगलातली, चित्रीकरण मात्र ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला झालेलं. कथा दोन ओळींची आहे. एक बंडखोर जनरल आणि त्याला पैसा पुरवणारा अमली पदार्थांचा व्यापारी, या दोघांना टिपायचं. बेकेटला जंगल पाठ आहे. मिलरनं ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं रौप्यपदक मिळवलंय, पण जंगलात माणसावर गोळी चालवायची वेळ येते तेव्हा त्याचं बोट अडतं. चित्रपट या अडण्याविषयी आहे, असं मला आता वाटतं.

कॅमेरा बिल बटलरचा, ज्यानं शार्कवरचा 'जॉज' चित्रित केला. हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. 'जॉज'मध्ये पाण्याच्या पृष्ठभागाकडे आपण जसे बघतो, तसेच इथे पानांकडे बघत राहतो. हिरव्यात हिरवं, ओल्यात ओलं, आणि त्यात कुठेतरी एक डोळा. गोळीच्या मागे धावणारा कॅमेरा याच चित्रपटात मी पहिल्यांदा पाहिला. पुढे प्रत्येक भागात तो आहे, पण पहिल्यात तो मोजून वापरलाय, त्यामुळे प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडतो.

आता बोटाबद्दल. बेकेट पकडला जातो, त्याचे हाल होतात आणि चाप ओढायचं बोटच छाटलं जातं. अनेक नायकांना चित्रपटात जखमा होतात आणि पुढच्या भागात त्या बऱ्या झालेल्या असतात. इथे तसं झालं नाही. 'स्नायपर २' (२००२) आला तेव्हा बेकेट सैन्याबाहेर पडलेला, कडवट झालेला, आणि ते बोट नाहीच. त्याला परत बोलावतात, बाल्कनमधल्या मोहिमेवर पाठवतात, बरोबर बोकीम वुडबाइनचा जेक कोल. चित्रपट साधाच आहे, बुडापेस्टच्या आसपास काटकसरीत उरकलेला. पण अपुऱ्या हातानं रायफल धरणारा माणूस बघायला मिळतो म्हणून मी तो पुन्हा पाहीन.

'स्नायपर ३' (२००४) ला लोक नावं ठेवतात. मला तो मनापासून आवडतो. बेकेटला व्हिएतनामला पाठवतात, आणि ज्याला मारायचंय तो युद्धात मेला असं समजलेला त्याचाच जुना सोबती निघतो. चित्रीकरण थायलंडमधलं. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस आपल्या तरुणपणाच्या गल्ल्यांतून, त्याच उकाड्यातून फिरतोय. बेरेंजर यात फार कमी बोलतो आणि ते पुरतं.

मग सात वर्षं काही नाही. २०११ला 'रीलोडेड' आला तो मुलगा घेऊन. ब्रँडन बेकेट, म्हणजे चॅड मायकेल कॉलिन्स. बाप नाही, पण मिलर आहे, आणि तो आता शिकवणारा झालाय! पहिल्या भागात ज्याचं बोट अडलं तो आता दुसऱ्याला शिकवतो, ही मालिकेतली सगळ्यात सुंदर कल्पना. 'लेगसी'त (२०१४) बाप परत येतो. 'घोस्ट शूटर' (२०१६) जॉर्जियातल्या गॅसवाहिनीवर. 'अल्टिमेट किल' (२०१७) कोलंबियात, आणि त्यात बेकेट, मिलर, ब्रँडन तिघंही आहेत. 'असासिन्स एंड' (२०२०) मध्ये खुनाचा आळ ब्रँडनवर. त्यानंतरच्या 'रोग मिशन' (२०२२) आणि 'ग्रिट' (२०२३) मध्ये थट्टामस्करी, हाणामारी, वेगळाच सूर. शेवटचा २०२५चा 'द लास्ट स्टँड'.

चित्रपटगृहात वाजतगाजत आला तो फक्त पहिला. बाकीचे थेट घरात, आधी चकत्यांवर, मग ऑनलाइन. तरी बत्तीस वर्षं चालले. का चालले असतील? माझं उत्तर असं की एकटा नेमबाज ही कल्पना फसवी आहे. या चित्रपटांत कायम दोघं असतात, आणि जिथे त्या दोघांमध्ये काही घडतं तो भाग चांगला होतो. जिथे ब्रँडन एकटाच धावत सुटतो तिथे मला घड्याळ आठवतं.

तुमचा अनुभव सांगा.

कोरडा_पाऊस

छान लिहिलंय. मी फक्त 'अल्टिमेट किल' पाहिलाय, तोही मधूनच. सगळे पाहायला वेळ नाही, तर कोणते बघू?

आडरान

पहिला, तिसरा, मग 'रीलोडेड' आणि 'अल्टिमेट किल'. याच क्रमानं. पहिला रात्री, दिवे बंद करून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा.

नेम_दहा

मी कोल्हापूरची, सहा वर्षं रायफल नेमबाजी केली आहे, म्हणून मिलरबद्दल लिहिते. ऑलिम्पिकचा नेमबाज जंगलात चाचरतो हे मला पटकथेची सोय म्हणून खटकत नाही, उलट फार खरं वाटतं.

स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले. राधानगरीतल्या कांबळवाडीचा मुलगा. त्याचा प्रकार म्हणजे ५० मीटर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. ते साधायला श्वास अर्धा सोडून थांबायचा, दोन ठोक्यांच्या मधली शांतता पकडायची, आणि चाप ओढायचा नाही तर दाबत न्यायचा, इतका हळू की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. इथपर्यंत मिलर आणि बेकेट एकच काम करतात.

फरक पुढे आहे. आमच्या रेंजवर वारा कळावा म्हणून छोट्या झेंड्या लावलेल्या असतात. अंतर ठरलेलं, उजेड बराचसा ठरलेला. नेम चुकला तर नऊ लागतो, आणि पुढची गोळी असते. हजार मीटरवर नेहमीच्या ७.६२ रायफलची गोळी पोचायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात ती दहा मीटरहून जास्त खाली आलेली असते. म्हणजे जवळजवळ तीन मजले वर नेम धरायचा, आणि समोरचा माणूस पावणेदोन सेकंद हलणार नाही अशी आशा करायची. झेंड्या नाहीत. गवत कुठे झुकतंय, धूर कुठे जातोय, आणि दुर्बिणीतून दिसणारं मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय, यावरून वारा ओळखायचा. मृगजळ सरळ वर उकळताना दिसलं तर वारा पडलाय. हे मला एका वयस्कर प्रशिक्षकांनी शिकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि लक्ष्य कागदाचं नसतं. मिलरचं पदक त्याला इथवर आणतं आणि इथेच सोडून देतं. बिली झेननं हे डोळ्यांत दाखवलंय.

रात्रपाळी

आडरान, तुमच्या शेवटच्या भागांवरच्या टीकेशी सहमत नाही. मी कारखान्यात रात्रपाळीला असतो. पहाटे घरी आल्यावर झोप येईपर्यंत पाहायला हेच चित्रपट लावतो, आणि नंतरचे भाग मला जास्त जवळचे वाटतात. 'अल्टिमेट किल'मधल्या वाट बदलणाऱ्या गोळीला लोक अचाट म्हणतात. पण अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेनं, डार्पानं, .५० कॅलिबरची दिशा बदलणारी गोळी खरोखर बनवून तिची चाचणी घेतली होती. २०१५च्या सुमारास तिची चित्रफीतही प्रसिद्ध केली. प्रकल्पाचं नाव एक्झॅक्टो. चित्रपटानं तीच भीती उचलली: वारा, अंतर, श्वास, सगळं येणाऱ्याला ते काहीच न लागणारा शत्रू भेटतो. बेकेटची सगळी विद्याच निरुपयोगी ठरवणारी गोळी. आमच्या खात्यात नवीन यंत्रं आली तेव्हा जुन्या कारागिरांचे चेहरे मी पाहिलेत, त्यामुळे मला तो चित्रपट लागला.

आडरान

रात्रपाळी, या बाजूनं मी पाहिलंच नव्हतं. 'अल्टिमेट किल' पुन्हा बघतो. मन लावून लिहिलंत, आभार.

पाणथळ

चित्रपट पाहिलेले नाहीत, पण नावाबद्दल सांगण्यासारखं आहे. 'स्नायपर' हा शब्द आपल्या भूमीवरून गेलेला आहे. स्नाइप म्हणजे पाणलावा, हिवाळ्यात आपल्या तळ्यांच्या काठी चिखलात येतो तो लांब चोचीचा पक्षी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीला जात आणि त्याबद्दल घरी पत्रांतून लिहीत. त्यातून तो शब्द रुळला आणि पुढे लपून नेम धरणाऱ्या शिपायाला चिकटला.

पाणलावा ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण कळेल. तो तुमच्यापासून चार पावलांवर असतो आणि दिसत नाही. पाठीवरच्या पिवळसर रेघा म्हणजे वाळलेलं गवतच. पाय पडणार एवढ्यात खरखरीत आवाज करून उठतो आणि नागमोडी उडत जातो, सरळ कधीच नाही. गेली अनेक वर्षं उजनीच्या काठी मी त्याला दुर्बिणीतून शोधतोय. गंमत वाटते की शब्द शिकाऱ्याला मिळाला, पण लपण्याची कला पक्ष्याची आहे. दुर्बिणीच्या मागे न हलता तीन तास बसायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. आज रात्री पहिला भाग बघतो.

फौजी_सातारकर

नमस्कार मंडळी. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो, आता गावी शेती. नातवानं धागा दाखवला. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

पहिला चित्रपट आम्ही पलटणीत असताना टीव्हीवर बघितला होता. चांगला आहे. चालणं चांगलं दाखवलंय, थांबणं त्याहून चांगलं. गवत अंगावर बांधायचा तो जो झिपऱ्या पोशाख, गिली सूट, तो स्कॉटलंडच्या शिकारी रखवालदारांकडून आला, बोअर युद्धात लॉव्हॅट स्काउट्स ही स्कॉटिश पलटण घेऊन गेली. आमचे उस्ताद सांगायचे की पोशाख विकत मिळतो, पण जिथे पडून राहणार तिथलंच गवत लावलं नाही तर लांबून वेगळा ठिपका दिसतो. दुसरं शिकवायचे ते निरीक्षण. ताटात दहापंधरा वस्तू ठेवायच्या, मिनिटभर बघायच्या, कापड टाकायचं, काही तासांनी सगळ्या सांगायच्या. त्याला किमचा खेळ म्हणतात. किपलिंगच्या 'किम' या कादंबरीतून आलेलं नाव, आणि किपलिंग जन्मला मुंबईत. हे मला एका कॅप्टनसाहेबांनी सांगितलं. आपल्याकडे या कामाचं मोठं शिक्षण महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये होतं.

आता एक चूक सांगतो. चित्रपटात जो मुरलेला तो रायफलवर, नवखा शेजारी. खऱ्यात पुष्कळदा उलट असतं. शिस्त धरणं, म्हणजे नेम लावणं, तरुण पोराला शिकवता येतं, नजर चांगली असते, हात थिर असतो. पण वारा वाचणं, अंतर सांगणं, गोळी कुठं पडली ते बघून दुरुस्ती देणं, आणि मुख्य म्हणजे 'आता नको' म्हणणं, हे वय झाल्याशिवाय येत नाही. म्हणून अनुभवी माणूस दुर्बिणीवर बसतो. नंबर एक चाप ओढतो, पण त्याला सोडतो नंबर दोन.

आणि एका जागेवरून दोनदा गोळी चालवायची नाही. चित्रपटवाले हे कायम विसरतात.

आडरान

काका, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण माझा अख्खा चित्रपट बदलून गेला.

बोट गेलेल्या बेकेटला कुठे बसवायला हवं होतं? दुर्बिणीवर! ज्याला जंगल पाठ आहे आणि चाप ओढायचं बोट उरलेलं नाही, असा माणूस शेजारी बसून वारा सांगणार, 'आता नको' म्हणणार. दुसऱ्या भागाला ही गोष्ट आयती मिळाली होती आणि त्यांनी पुन्हा रायफलच त्याच्या हातात दिली. कोल नेमबाज, बेकेट शेजारी, असा चित्रपट झाला असता तर तो पहिल्याच्या तोडीचा झाला असता असं मी ठामपणे म्हणतो.

बरं, हे काल्पनिकही नाही. पहिल्या भागात शत्रूच्या दुर्बिणीतून आरपार गोळी जाते तो प्रसंग कार्लोस हॅथकॉकच्या व्हिएतनाममधल्या आठवणीवर बेतलेला आहे. टोपीत पांढरं पीस खोचणारा हा अमेरिकन मरीन. ९३ अधिकृत नोंदी. १९६७ मध्ये त्यानं ब्राउनिंगच्या जड मशीनगनला दुर्बीण लावून २,२८६ मीटरवर नेम साधला, आणि तो विक्रम २००२पर्यंत टिकला. पण मला आता त्याचं पुढचं आयुष्य महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर १९६९ मध्ये त्याची गाडी सुरुंगावर गेली. जळत्या गाडीतून त्यानं सहकाऱ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः भयंकर भाजला. रणांगणावरची नेमबाजी तिथे संपली. मग तो क्वांटिकोला, मरीन दलाच्या तळावर गेला, तिथली स्नायपर शाळा उभी करायला मदत केली आणि शिकवत राहिला. त्या बचावासाठी सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं ते १९९६ला, आणि १९९९ला तो गेला.

म्हणजे बेकेटची दुसरी अर्धी गोष्ट खऱ्या माणसानं जगून ठेवली होती. मालिकेनं ती मिलरला दिली, 'रीलोडेड'मध्ये. तो भाग मला का आवडला ते आता कळतंय.

उलटतपासणी

सगळे तंत्रावर बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. या अकरा चित्रपटांची ठिकाणं नकाशावर मांडा. पनामा, आणि तोही १९८९च्या अमेरिकी आक्रमणानंतर चारच वर्षांनी. मग बाल्कन, व्हिएतनाम, काँगो, जॉर्जिया, कोलंबिया. अमेरिकेनं जिथे जिथे बोट घातलं किंवा डोळा ठेवला त्यांची ही यादी आहे. तिथल्या माणसांना बहुतेक वेळा नाव नसतं. दुर्बिणीच्या फुलीत ती येतात आणि पडतात. आपण प्रेक्षक कायम रायफलच्या मागच्या बाजूला. समोरच्या बाजूला आपल्यासारखेच लोक आहेत, हे आपण तरी विसरू नये.

आडरान

ही टीका मला मान्य आहे आणि ती महत्त्वाची आहे. पहिल्या भागात निदान मिलरच्या अडण्यातून समोरचा माणूस 'माणूस' म्हणून जाणवतो, आणि तिसऱ्यात व्हिएतनामी पोलीस क्वान हा खरोखरचा माणूस आहे, बायरन मॅननं तो जीव ओतून केलाय. नंतर ते कमी होत गेलं.

माणगावकर

उलटतपासणी यांचं 'समोरच्या बाजूला आपल्यासारखेच' हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, व्हिक्टोरिया क्रॉस. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि तुकडीप्रमुख असलेल्या यशवंतरावांखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. आधी हातबाँब टाकला, मग टॉमीगननं, आणि गोळ्या संपल्यावर बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं घेतलं. आणि घेतलेल्या त्या ठाण्यातच शत्रूच्या स्नायपरनी त्यांना छातीत आणि पाठीत टिपलं. वय २२.

शाळेत दरवर्षी ही गोष्ट ऐकायचो. पण ज्यांनी टिपलं तेही कुठेतरी असेच गवतात पडून, श्वास धरून बसले असतील, हे या धाग्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. पुतळ्यावरून रोज जातो. उद्या थांबून बघेन.

फौजी_सातारकर

घाडग्यांचं नाव आम्हाला बेळगावच्या सेंटरमध्ये पहिल्या महिन्यात सांगतात. माणगावकर, माझ्याकडूनही पुतळ्याला एक सॅल्यूट.

नेम_दहा

काका, एक विचारू? तुम्ही नंबर एक होतात की दोन?

फौजी_सातारकर

आधी एक, मग बरीच वर्षं दोन. माझा नंबर एक कराड तालुक्यातला. आम्ही पडायचो तेव्हा तो कायम माझ्या डाव्या हाताला, जरा पुढं. त्यालाही निवृत्त होऊन काही वर्षं झाली. परवा एका लग्नात भेटला. जेवायला बसताना माझ्या उजवीकडची खुर्ची मोकळी होती, ती सोडून तो वळसा घालून डावीकडं येऊन बसला.